पंधरवड्यातली स्थळं

आमच्या आत्याबाई लग्नं जमवायच्या. तो त्यांचा धंदा नव्हता, ती हौस होती, आणि धंद्यापेक्षा हौस जास्त काम करून घेते. महाल भागातल्या आमच्या गल्लीत निम्म्या संसारांमागे त्यांचा हात होता. वडिलांच्या या थोरल्या बहिणीला लवकर वैधव्य आलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हापासून खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पत्रिकांची भेंडोळी आणि एक जाडजूड वही, असं त्यांचं रूप मी पाहत आले. वहीत एकेका पानावर एकेक मुलगा किंवा मुलगी. उंची, वर्ण, शिक्षण, स्वभाव, आणि सगळ्यात शेवटी ‘खोड’. खोड लिहिलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. “एक खोड आपण आधीच सांगून टाकायची,” त्या म्हणायच्या, “म्हणजे बाकीच्या कोणी शोधत नाही.” त्यांनी जमवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं आणि हे त्या भेटेल त्याला, अगदी भाजीवालीलासुद्धा, ऐकवायच्या.

त्यांचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून वही मी लिहायची. फक्त एक पान माझ्या हातचं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं. मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी ते बाबांकडून लिहून घेतलं आणि श्रावणात सीताबर्डीवरच्या एका कापडवाल्यांच्या घरात माझं जमवूनही टाकलं. घर दुमजली, मुलगा एकुलता एक, स्वयंपाकघरात फ्रिज. त्या काळात आमच्या गल्लीत फ्रिज कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मुलाला कोणी फारसं पाहिलंच नाही. सुपारी दसऱ्याला फुटायची होती. सुनेनं नोकरी करायची नाही एवढीच त्यांची अट होती आणि ती आमच्याकडे सगळ्यांना फारच साधी वाटली.

मला वाटली नाही. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात टेलिफोन खात्याचं पत्र दडवलेलं होतं. दिवाळीनंतर ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला हजर व्हा, असं त्यात लिहिलं होतं. मी रोज दुपारी पुस्तक उघडून ते पत्र वाचायची आणि पुन्हा मिटायची. एरवी मी घरात सगळ्यांना उलट बोलत असे, पण याबाबतीत माझी वाचा बसली होती. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज त्या मुलीचा मला रागही येतो आणि कीवही येते.

त्या वर्षी गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नाग नदीला पूर आला. एरवी नाग नदी म्हणजे नाकाला पदर लावून ओलांडायचा ओढा. त्या पहाटे ती काठच्या वस्तीत शिरली आणि पंधरा-वीस झोपड्या घेऊन गेली. माणसं सगळी वाचली. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा होती, तिच्या वर्गांत त्यांची सोय झाली. घरोघरच्या बायका पिठलं-भाकरी घेऊन जाऊ लागल्या आणि आमचीही परात रोज सकाळी निघायची, पुढे आत्याबाई, मागे परात घेऊन मी.

माणसांमागोमाग वस्तीतली कुत्रीही शाळेत आली होती. अकरा होती. वर्गांच्या दारांशी ती ओली, गप्प बसून असायची आणि कुणी बाहेर आलं की उठून उभी राहायची. दोनच दिवसांत माणसं पांगायला लागली. कुणी भावाकडे, कुणी मुलीकडे, एकेका खोलीत सात-आठ जणं. तिथं कुत्रं कुठून मावणार? शाळा सुरू करायची होती. मुख्याध्यापकांनी अगदी ओशाळून सांगितलं, की कुत्रे धरायची गाडी बोलावली आहे, ती बुधवारी येईल. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिथं एक कुंभारीण होती, पन्नाशीची, सडसडीत, कपाळावर मोठं गोंदण. तिची तांबूस रंगाची कुत्री होती, एक कान फाटलेला, पुढचे दोन्ही पाय पांढरे. पुराच्या पहाटे याच कुत्रीनं भुंकून सगळ्या वस्तीला उठवलं होतं. कुंभारीण सावनेरला भावाकडे निघाली होती आणि भावजयीनं आधीच निरोप पाठवला होता, की कुत्रं आणू नका. ती परातीजवळ आली आणि आत्याबाईंना म्हणाली, “बाई, तुम्ही एवढ्या पोरींले घर पाहून देता. माह्या कुत्रीलेही पाहून द्या ना.”

बायका हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. लग्न जमवणाऱ्या बाईला तिच्या कामाचा हवाला देऊन काही मागितलं की तिला नाही म्हणता येत नाही. शिवाय पितृपंधरवडा लागला होता. पंधरवड्यात कोणी मुली पाहत नाही, पत्रिका हलवत नाही, त्यामुळे दर वर्षी हे पंधरा दिवस आत्याबाई घरात नुसत्या चिडचिड करत काढायच्या. त्यांनी अकराच्या अकरा कुत्र्यांवरून नजर फिरवली.

“चाल वं,” त्या मला म्हणाल्या, “वही काढ. कुत्र्याले काही पंधरवडा लागत नाही.”

आमच्या परसात म्हशीचा रिकामा गोठा होता. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती. त्यात अकरा कुत्री आली. आईनं कपाळाला हात लावला, बाबांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं आणि मी वहीचं शेवटचं पान उघडून मागून पुढे लिहायला सुरुवात केली. वर्ण काळा, बांधा भरलेला, स्वभाव मनमिळाऊ, खोड: चपला पळवतो. वर्ण भुरा, उंची बरी, स्वभाव तापट, खोड: सायकल दिसली की मागे लागतो. आत्याबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मजकूर सांगायच्या आणि मी हसू दाबून लिहायची. दुसऱ्या दिवशी रिठ्याचं पाणी करून आम्ही सगळ्यांना घासूनपुसून काढलं. एकानं अंग झटकलं ते थेट बाबांच्या धुतलेल्या धोतरावर, आणि बाबांना वर्तमानपत्र खाली ठेवावं लागलं.

मग कार्यक्रम सुरू झाले. खरंच कार्यक्रम. लोक कुत्रं पाहायला यायचे तर आत्याबाई त्यांना चटईवर बसवायच्या, चहा द्यायच्या, घरी कोण कोण आहे, आंगण आहे का, कोणाचा हात उगारायची सवय तर नाही ना, असं सगळं विचारायच्या आणि मगच मला खूण करायच्या. मी दोरी धरून कुत्रं आणायची. एका गृहस्थांनी तर सवयीनं म्हटलं, “जरा चालून दाखवा.” मी त्या कुत्र्याला परसातून दोन फेऱ्या मारून आणल्या. श्रावणात कापडवाल्यांसमोर मीही अशाच दोन फेऱ्या मारल्या होत्या. कुत्रं माझ्यापेक्षा चांगलं चाललं.

आत्याबाईंना माणसांची जाण होती हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. एका कुत्र्याचा आवाज इतका कर्कश होता, की तीन घरांनी त्याला नाकारलं. आत्याबाई सरळ सराफाकडे गेल्या. “आवाज वाईट आहे,” त्यांनी आधीच सांगितलं. “मले आवाजच पाहिजे, बाई,” सराफ म्हणाले. गल्लीच्या पलीकडे एक निवृत्त जमादार राहायचे, सगळ्यांशी भांडलेले, त्यांच्या ओट्यापुढून पोरं पळत जायची. त्यांना आत्याबाईंनी अकरांतलं सगळ्यात भांडखोर कुत्रं दिलं. आई म्हणाली, एकमेकांचे गळे धरतील. पण आठ दिवसांनी पाहिलं, तर दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसून गल्लीतल्या रहदारीकडे सारख्याच नाराजीनं पाहत होते. त्यांची इतकी गट्टी जमली, की जमादारांनी माणसांशीही बोलायला सुरुवात केली. सुरुवात ‘काय गा, चप्पल काढून आत ये’ अशीच होती, पण होती.

सावनेरकडचे एक संत्र्यांच्या बागेचे मालक कामासाठी शहरात आले होते. वानरांनी त्यांना जेरीस आणलं होतं. ते एकदम तिघांना न्यायला तयार झाले. तेव्हा आत्याबाईंनी त्यांना अडवलं. तिघांत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. “एका घरात दोन सख्ख्या बहिणी मी देत नाही,” त्या म्हणाल्या, “वाटणीवरून भांडणं होतात.” बागमालक चहाची बशी हातात धरून बघत राहिले. शेवटी एकीच्या जागी दुसरं कुत्रं देऊन तिघांची पाठवणी झाली. आणि खोटं कशाला सांगू, ट्रकच्या मागच्या फळीवरून ती तिन्ही डोकी आमच्याकडे पाहत दूर गेली तेव्हा आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

बुधवारी गाडी आली तेव्हा शाळेच्या आवारात कुत्रं नव्हतं आणि आमच्या गोठ्यातही एकच उरलं होतं. दहा घरं लागली होती. मी आयुष्यात इतकी आनंदात क्वचितच असेन. आई त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी करायला बसली. पंधरवड्यात गोडधोड कशाला, असं आत्याबाई म्हणाल्या आणि चार खाल्ल्या.

उरली होती ती कुंभारणीची पांढऱ्या पायांची. तिला काही कमी मागणी नव्हती. ती शहाणी, देखणी, वस्ती वाचवणारी. आत्याबाईंनी तिच्यासाठी उत्तमातलं उत्तम घर शोधायचं ठरवलं होतं. पहिल्यांदा जरीपटक्यात एका बेकरीवाल्यांकडे दिली. दूध-पाव, बसायला भट्टीजवळची ऊब. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या गोठ्यात हजर. अर्धं शहर चालून आली होती आणि पोटाला चिखल. दुसऱ्यांदा शाळेतल्या एका बाईंकडे दिली. त्या एकट्या राहायच्या आणि तिच्याशी दिवसभर गप्पा मारायच्या. दोन दिवसांत परत. पुन्हा पोटाला तीच पिवळसर माती. “गोठा सारवून ठेवते आणि ही येऊन घाण करते,” आईची कुरकुर सुरू झाली.

आत्याबाईंना ते फार लागलं. त्यांनी दिलेलं स्थळ पहिल्यांदाच परत आलं होतं, तेही दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी धरमपेठेतल्या एका वकिलांचं घर काढलं. बंगला, बाग, कुत्रीसाठी वेगळी गोधडी. त्यांचा गडी येऊन तिला सायकल-रिक्षातून घेऊन गेला. तीन दिवस झाले, आत्याबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि चौथ्या दिवशी सकाळी मी परसाचं दार उघडलं तर बाहेर ही. गळ्यात कुरतडलेली दोरी, पोटाला माती, शेपूट हलतेय.

“नशीबच फुटकं आहे हिचं!” आत्याबाई ओरडल्या. मग लगेच रिक्षा बोलावली, कुत्रीला पायाशी घेतलं, मला बरोबर घेतलं आणि आम्ही धरमपेठेत गेलो. वकिलांच्या बायकोची त्यांनी उलटतपासणी घेतली. मारलं का? उपाशी ठेवलं का? पोरांनी त्रास दिला का? बिचाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गोधडी आणून दाखवली, वाटी आणून दाखवली. कुत्री पायरीवर बसून होती. त्या बाईंनी हाक मारली की शेपूट हलवायची, पण उठायची नाही.

आत्याबाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हात जोडून म्हणाल्या, “बाई, घर तुमचं सोन्यासारखं. तुमचं काही चुकलं नाही. पण तिले पसंत नाही. मी सगळं पाहिलं आणि तिलेच विचारलं नाही. चूक माही आहे.”

मी दोरी धरून उभी होते. परतताना रिक्षात मी फार वेळ दम धरला. सीताबर्डीचा चौक आला, समोर कापडवाल्यांच्या दुकानाची पाटी दिसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“आत्याबाई, मले तरी कुठं विचारलं तुम्ही?”

रिक्षावाल्यानं पॅडल मारता मारता मान मागं वळवली आणि माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं.

“पुढं पाह्य गा,” आत्याबाई त्याच्यावर खेकसल्या.

घरी आल्यावर त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मला भीती वाटत होती, खरं सांगते. त्यांचा शब्द गेला होता, बाबांचा गेला होता, लग्नाचं पातळसुद्धा ठरलं होतं. कुत्री मात्र बांधलेली नव्हती. आत्याबाईंनीच तिची दोरी सोडून ठेवायला सांगितलं होतं. ती सकाळी जायची आणि संध्याकाळी पोटाला माती लावून यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई दारात चपला घालून उभ्या होत्या. “चाल,” म्हणाल्या, “ही माती आपल्या गल्लीतली नाही. पाहू तर कुठं जाते.”

कुत्री पुढे आणि आम्ही दोघी मागे. गल्ली, शाळा, मग उतार. ती मध्ये मध्ये थांबून आम्ही येतोय ना ते पाहायची. नदीचं पाणी आता पुन्हा ओढ्याएवढं झालं होतं. काठावर वस्तीच्या जागी चिखल वाळला होता, आणि तिथं चार बांबूंवर ताडपत्री टाकून, फिरत्या चाकासमोर कुंभारीण बसली होती. तिच्याभोवती घटांच्या रांगा उन्हात वाळत होत्या. घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. कुत्री कालवलेल्या मातीच्या ढिगावर जाऊन पसरली, पोट टेकवून, अगदी रोजच्या जागी.

कुंभारीण आम्हाला पाहून उठली आणि चोरी सापडल्यासारखी पदर सावरायला लागली. घटांचा मोसम बुडवून कसं चालेल, म्हणून ती रोज सकाळच्या गाडीनं सावनेरहून येत होती आणि संध्याकाळी परत जात होती. “बाई, मी तिले बोलावलं नाही,” ती म्हणाली. “ते आपोआप येते. तुम्ही एवढं चांगलं घर देऊन राहिल्या, आणि माह्याजवळ आहे काय? म्हणून मी सांगितलं नाही.”

“तुम्हाले पाहिजे का ही?” आत्याबाईंनी विचारलं.

कुंभारीण खाली बघायला लागली. हातातला मातीचा गोळा ती नुसता दाबत होती.

“अवं, मी तुम्हाले विचारून राहिली,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, पण रागाचा नव्हता. “पाहिजे का?”

“पाहिजे,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग हसायला लागली, कारण कुत्रीनं उठून तिच्या मातीच्या हातांत तोंड खुपसलं होतं. दसऱ्यापर्यंत इथं कुडाच्या भिंती उभ्या राहतील, मग ती इथंच राहायला येणार होती. तोवर कुत्रीनं दिवसा इथं आणि झोपायला आमच्या गोठ्यात यायचं, असं त्या दोघींचं ठरलं. तिघींचं म्हणायला हवं. आत्याबाईंनी तिथल्या तिथं घरासाठी पाच घट पसंत केले आणि ते मी पोटाशी धरून घरी आणले.

घटस्थापनेच्या दिवशी पूजा आटोपल्यावर आत्याबाईंनी नेहमीचं पातळ बदलून ठेवणीतलं काढलं, पिशवी खांद्याला लावली आणि एकट्याच बाहेर पडल्या. कुठं जाता, असं आईनं विचारलं तर “येते” एवढंच. दुपार टळली तेव्हा त्या परत आल्या. उन्हानं तोंड लाल झालं होतं. पाणी प्यायल्या. बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठून आले.

“सीताबर्डीले जाऊन आली,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, घर तुमचं सोन्यासारखं. पण पोरीले पसंत नाही. मी तिले विचारलंच नव्हतं, चूक माही आहे. त्यायनं बोलायचं तेवढं बोललं. मी ऐकून घेतलं.”

बाबा काहीतरी बोलायला गेले. आत्याबाईंनी हात वर केला आणि बाबा पुन्हा खाली बसले. जमवलेलं एकही मोडलं नाही, हे वाक्य त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्याऐवजी कुठलंही स्थळ आलं की आधी त्या विचारायच्या, “पोरीले विचारलं का?” आणि लोक गोंधळून जायचे.

पण ते पुढचं. त्या दुपारी त्यांनी पिशवीतून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मागच्या बाजूला शेवटच्या कुत्रीच्या पानावर ‘घर’ या शब्दापुढची जागा कोरी होती. तिथं त्यांनी माझ्याकडून ‘स्वतःचं’ असं लिहून घेतलं. मग वही सरळ केली, पुढच्या बाजूनं पानं उलटत माझ्या पानावर आल्या, आणि पेन माझ्या हातात दिलं.

“हे पान तुह्या हातचं नाही,” त्या म्हणाल्या. “आता लिही तुले काय लिहायचं ते.”

मी इतिहासाचं पुस्तक आणलं, त्यातलं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि लिहायला बसले. अक्षरं हलत होती, कारण मला धड दिसत नव्हतं. बाबांनी लिहिलेलं बरंच काही मी बदललं, नोकरीच्या पुढे टेलिफोन खातं लिहिलं, दिवाळीनंतर हजर व्हायची तारीख लिहिली. अगदी खाली ‘खोड’ म्हणून बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: उलट बोलते. ते मात्र मी तसंच ठेवलं.